बालशाळेतलं दुकान: फ्रान्सच्या मातेर्नेल वर्गात खेळाचा कोपरा कसा मांडावा, कसा चालवावा

फ्रान्समध्ये मूल ज्या वर्षी तीन वर्षांचं होतं, त्या वर्षीच्या सप्टेंबरात ते ‘एकोल मातेर्नेल’मध्ये जातं. 2019 पासून हे सक्तीचं आहे. तीन इयत्ता असतात: पतीत, म्वायेन आणि ग्राँद सेक्स्यों, म्हणजे लहान, मधला आणि मोठा गट. आठवड्याला 24 तास शाळा. 2015 च्या अभ्यासक्रमात शिकण्याच्या चार रीती सांगितल्या आहेत आणि त्यात खेळाचं नाव पहिलं आहे. मोठ्या गटातली मुलं गिरवून लिहायला लागतात, तोवर वही-पेन्सिल फारशी दिसत नाही. दिसतात ते कोपरे: एका भिंतीला भातुकली, दुसरीकडे बाहुल्या, ठोकळे, आणि एका कोपऱ्यात दुकान, म्हणजे ‘क्वँ मार्शांद’.

पॅरिस, तुलूझ, ग्रनोब्लकडे कामानिमित्त राहणाऱ्या मराठी घरांतली मुलं याच वर्गांत बसतात, आणि आईबाबा पहिल्या महिन्यात हमखास विचारतात, “दिवसभर नुसतं खेळतात का हो?” उत्तर मांडणीवर अवलंबून आहे. नीट मांडलेल्या दुकानात मूल दहा मिनिटांत जेवढं फ्रेंच ऐकतं आणि बोलतं, तेवढं सगळा वर्ग गोल करून बसवला तर तासाभरातही त्याच्या वाट्याला येत नाही. नुसतं सामान ओतून दिलं, तर तेच दुकान आठवड्याभरात भंगाराचं होतं. म्हणून सगळे कोपरे बाजूला ठेवून इथे एकच घेतला आहे, दुकानाचा. हे लिखाण मुख्यतः अशा वर्गात शिकवणाऱ्या किंवा मदतीला असणाऱ्यांसाठी आहे. पालकांसाठी शेवटाकडे थोडं.

(फ्रेंच उच्चार देवनागरीत जवळपासचेच लिहिता येतात. ते अंदाजापुरते घ्यावेत, खरा उच्चार कानांनीच उचलायचा.)

जागा आणि सामान

पाच ते सहा चौरस मीटर जागा पुरते. तीन बाजूंनी बुटकी कपाटं लावा, चौथी बाजू मोकळी. कपाटांची उंची मीटरभराच्या आत असावी, म्हणजे मुलांना ‘आत’ असल्यासारखं वाटतं आणि मोठ्यांना वर्गाच्या कुठल्याही टोकावरून सगळं दिसतं. गल्ल्याचं टेबल 50 ते 55 सें.मी. उंच. त्याहून उंच असेल तर तीन वर्षांचं मूल टाचा उंचावून उभं राहतं, दमतं आणि टेबलाच्या आतल्या बाजूला येऊन बसतं. मग गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही एकाच बाजूला! खाली जाड सतरंजी हवीच. लाकडी फळं फरशीवर पडली की होणारा आवाज शेजारी चित्र काढणाऱ्यांना काही सुचू देत नाही.

एका वेळी चार मुलं: दोन दुकानदार, दोन गिऱ्हाईकं. हे सारखं तोंडानं सांगत बसू नका. सामानच तसं ठेवा. दोन ॲप्रन, दोन कापडी पिशव्या. पाचवं मूल आलं की त्याच्या हातात काही येत नाही आणि ते आपणहून थांबतं किंवा दुसरीकडे जातं. ॲप्रन गळ्यात बांधायच्या नाडीचा नको. वेल्क्रोचा घ्या, ओढला की सुटला पाहिजे.

माल पहिल्या दिवशी सहा प्रकारचा, प्रत्येकी सहा नग. लहान गटात चार प्रकार, प्रत्येकी पाच नग. यापेक्षा जास्त नको. सफरचंद, संत्रं, गाजर, लिंबू, अंडं आणि प्वारो (कांद्याच्या जातीची लांब पातीची ही भाजी फ्रान्समध्ये थंडीभर घराघरात असते) हे सहा सोयीचे पडतात. ही निवड उगाच केलेली नाही. फ्रेंचमध्ये यातले तीन शब्द स्त्रीलिंगी आहेत आणि तीन पुल्लिंगी. शिवाय दोन शब्द स्वरानं सुरू होतात. त्याचं काम पुढे येईल.

बाजारातून फळांचे लाकडी खोके फुकट मिळतात. आणल्यावर आधी पकडीनं पिना उपटा, मग सगळ्या कडा सँडपेपरनं घासा. हे टाळलं तर आठवड्यात कुणाच्या तरी बोटात कुसळ जातं. प्रत्येक खोक्याच्या पुढच्या बाजूला त्यातल्या वस्तूचा फोटो लावा. मोठ्या गटात फोटोखाली नावही लिहा. आवरताना ‘कुठे ठेवू’ हा प्रश्नच मग उरत नाही.

आता एक हिशोब, जो पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. डिसेंबरमध्ये जन्मलेलं मूल सप्टेंबरात शाळेत येतं तेव्हा पावणेतीन वर्षांचं असतं. म्हणजे लहान गटातली काही मुलं नाताळपर्यंत तीन वर्षांचीसुद्धा नसतात. खेळण्यांवर ‘36 महिन्यांखालील मुलांसाठी नाही’ असं चिन्ह असेल तर ती वस्तू त्या वर्गात ठेवायची नाही. तपासणीची युरोपीय नळी 31.7 मि.मी. व्यासाची असते, तिच्यात जे मावतं ते घशात अडकू शकतं. म्हणून खोटी नाणी, बिया, राजमा, बटणं लहान गटात बंद. पैशांऐवजी चार-साडेचार सें.मी. व्यासाच्या लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या चकत्या द्या. अंड्यांचे वापरलेले पुठ्ठ्याचे खोकेही घरून मागवू नका, साल्मोनेलाची भीती असते. कोरे विकत मिळतात.

बॅटरीवर ‘टूंऽऽ’ वाजणारा गल्ला आणू नका. भेट म्हणून आलाच तर बॅटरी काढून ठेवा. वाजणारा गल्ला असला की दुकान बाजूला राहतं आणि चारही मुलं बटण दाबायच्या रांगेत लागतात. बुटांचा खोका, त्यावर चिकटवलेले अंक, बस. दोन पारड्यांचा तराजू मात्र जरूर ठेवा, पण तिसऱ्या आठवड्यात. सुरुवातीलाच ठेवलात तर त्याचा झोपाळा होतो.

मिठाच्या कणकेचा माल

प्लॅस्टिकच्या फळांपेक्षा मुलांनी स्वतः केलेल्या मालाची निगा ती जास्त राखतात. फ्रान्समधल्या बालशाळांत यासाठी ‘पात आ सेल’, म्हणजे मिठाची कणीक, सर्रास वापरतात. प्रमाण सोपं: दोन पेले गव्हाचा मैदा, एक पेला बारीक मीठ, एक पेला कोमट पाणी. मैदा-मीठ आधी कोरडंच एकत्र करा, पाणी थोडं थोडं घाला, दहा मिनिटं चांगलं मळा. गोळा बोटाला चिकटता कामा नये. चिकटला तर चमचाभर मैदा, भेगा पडल्या तर ओल्या हातानं पुन्हा मळा. जाडं मीठ घेतलं तर पृष्ठभाग खरबरीत होतो आणि मुलांच्या हातावरच्या ओरखड्यांना झोंबतं.

वस्तू दीड ते दोन सें.मी. जाडीच्या करा, चार-साडेचार सें.मी.पेक्षा लहान एकही नको. ओव्हन 100 ते 110 अंशांवर, दोन ते तीन तास. मध्ये एकदा उलटवा. घाई करून 150 वर ठेवलंत तर वरचा थर आधी आवळतो, आतली वाफ अडकते आणि फुगे येतात, चिरा पडतात. आतून ओलसर राहिलेली वस्तू रंगवली तर महिन्याभरात मऊ पडून बुरसते. गार झाल्यावर मागून टिचकी मारा. टणक आवाज आला तर झालं. दबका आला तर अजून तासभर. मग रंग, आणि वरून पाण्यातल्या वॉर्निशचे दोन हात. वॉर्निश मोठ्यांनीच, मुलं घरी गेल्यावर लावायचं.

‘बागेत’ नावाचा लांब फ्रेंच पाव करायचा मोह होतो. बारा-पंधरा सें.मी.पेक्षा लांब केला तर पहिल्याच दिवशी मधोमध मोडतो. आणि कणीक मळताना कुणी ती खात नाही ना, यावर एका मोठ्या माणसाचं लक्ष हवंच. एवढं मीठ लहान मुलाच्या पोटात जाणं खरोखर धोक्याचं असतं. वर्गात गव्हाची ॲलर्जी असलेलं मूल असेल तर हा सगळा उद्योगच वगळा.

भोवतालच्या वस्तूंतून शैक्षणिक साहित्य उभं करायचं हे मराठी वाचकाला नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत हेच केलं. फरक इतकाच, की इथे वस्तूंसोबत एक परकी भाषाही मांडायची आहे.

पहिला आठवडा: हात मागे, वही पुढे

शाळेचं दार तास सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी उघडतं. लहान गटात ही सकाळची मोकळी वेळ पुढे अर्ध्या तासापर्यंत ओढता येते. पहिला आठवडा दुकान या वेळेत उघडं ठेवा आणि शिकवू नका. मुलं पिशव्या भरतील, वर्गभर फिरतील, रिकाम्या करतील, पुन्हा भरतील. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला भरणं आणि वाहून नेणं यातच आनंद असतो. विकणं-घेणं त्याच्या गावीही नसतं. ही पायरी ओलांडूनच ते पुढे जातं. दटावून ती गाळता येत नाही. माल कमी ठेवण्याचं मुख्य कारणही हेच: वीस वस्तू वर्गभर पसरल्या तर पाच मिनिटांत गोळा होतात, साठ पसरल्या की आवरणं हीच शिक्षा होते.

या आठवड्यात रोज दहा मिनिटं बसून लिहा: कोण कुणाशी बोललं, नेमके कोणते शब्द, कोण नुसतं बघत होतं. शब्द मुलानं उच्चारले तसेच लिहा, सुधारून नव्हे. हाच पुढच्या सगळ्याचा पाया आहे.

वर्गात ‘आत्सेम’ म्हणजे नगरपालिकेनं नेमलेली मदतनीस असते (शिक्षक सरकारचे, आत्सेम नगरपालिकेच्या, हा फरक कामाच्या वेळा ठरवताना रोज जाणवतो). दुकानात काय चाललंय हे तिलाही आधी सांगून ठेवा. नाहीतर शिक्षिका मुलांना पसरू देते आणि मदतनीस त्यांच्यामागे आवरत फिरते. मुलांना दोन वेगवेगळे कायदे दिसतात.

शब्द कधी आणायचे

दुसऱ्या आठवड्यात. पाच-सहा मुलांचा गट, पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. दुकानातल्या वस्तू एका पिशवीत घाला. एकेका मुलानं हात घालून न बघता ओळखायचं. दुसऱ्या दिवशी वस्तू ओळीनं मांडा, वर रुमाल टाका, एक लपवा, ‘काय गेलं?’ विचारा. आधी तीन वस्तू, मग पाच.

नाव कधीही एकटं द्यायचं नाही, आधीच्या छोट्या शब्दासकट द्यायचं: ‘ऊन पॉम’ (एक सफरचंद), ‘ऊन कारॉत’, ‘अँ सित्रों’ (लिंबू), ‘अँ प्वारो’. फ्रेंचमध्ये वस्तूचं लिंग त्या छोट्या शब्दात असतं: स्त्रीलिंगी असेल तर ‘ऊन’, पुल्लिंगी असेल तर ‘अँ’. नुसतं ‘पॉम’ शिकलेलं मूल पुढे वर्षभर ‘अँ पॉम’ म्हणत राहतं. मराठी मुलाला याचा जास्तच घोळ होतो, कारण त्याच्या घरच्या भाषेत तीन लिंगं आहेत आणि ती जुळत नाहीत. त्याचं सफरचंद, संत्रं, गाजर ही ‘ती’ नसतात, ‘ते’ असतात. फ्रेंचमध्ये तिन्ही स्त्रीलिंगी.

आणि अंडं! एकटं अंडं ‘अफ’सारखं ऐकू येतं. पण एक अंडं म्हणताना मागचा ‘न’ पुढे चिकटतो: ‘अँ-नफ’. दोन अंडी म्हणताना ‘झ’ चिकटतो आणि शेवटचा ‘फ’ गळून पडतो: ‘द-झ’. मुलाच्या कानाला शब्द कुठे तुटतो ते कळायला काही वाव नसतो. म्हणून ती ‘अँ झफ’, ‘दे नफ’ असं काहीही म्हणतात, आणि ‘ऊन-ओराँझ’, ‘दे-झोराँझ’ ऐकून ‘ऊन झोराँझ’ मागतात. फ्रेंच घरातली मुलंही हेच करतात. ही चूक म्हणजे मूल ऐकतंय याची खूणच. हसू नका, ‘परत म्हण’ म्हणू नका. आपण नुसतं बरोबर रूप पुन्हा वापरायचं: “अँ-नफ हवं? हे घे, अँ-नफ. आणि मला द-झ दे.” एकवचन-बहुवचन शेजारी शेजारी ऐकू यावं म्हणूनच अंडी आणि संत्री दुकानात आहेत.

गिऱ्हाईक व्हा, परीक्षक नको

तिसऱ्या आठवड्यात मोठ्यांनी दुकानात जायचं, पिशवी घेऊन, रांगेत उभं राहून. इथेच बहुतेक जण घसरतात. “हे काय आहे? कोणत्या रंगाचं आहे? किती आहेत?” अशी सरबत्ती सुरू झाली की मूल ओळखतं, ही बाई गिऱ्हाईक नाही, बाई आहे. उत्तर एका शब्दात येतं आणि खेळ मरतो. खरं गिऱ्हाईक दुकानदाराला संत्र्याचा रंग विचारत नाही.

गिऱ्हाइकाला जे लागतं तेच बोला:

“बोंझुर माद्मॉझेल. झ वुद्रे त्र्वा पॉम, सिल वु प्ले.” (नमस्कार ताई, मला तीन सफरचंदं द्या.)
“व्वाला.” (हे घ्या.)
“ए आवेक ससी?” (अजून काय देऊ?)
“से तू, मेर्सी. ओ रव्वार.” (बस, एवढंच. येते.)

‘ए आवेक ससी?’ हे वाक्य फ्रान्समधल्या कुठल्याही पावाच्या दुकानात, मंडईत रोज ऐकू येतं. मुलांनी ते आईच्या कडेवरून ऐकलेलं असतं. एकदा आपण दुकानदार होऊन म्हटलं की दोन दिवसांत सगळे दुकानदार तेच म्हणायला लागतात, आणि या एका वाक्यानं संवाद पहिल्या वस्तूपाशी न संपता लांबतो.

आणखी एक गंमत. मातेर्नेलमध्ये मुलं बाईंना सर्रास ‘त्यु’, म्हणजे ‘तू’ म्हणतात. ‘वु’ म्हणायची वेळ त्यांच्यावर वर्गात जवळजवळ येतच नाही. दुकान ही ‘वु’ची जागा आहे. ते समजावून सांगायची गरज नसते. गिऱ्हाइकानं अहो-जाहो केलं की दुकानदारही करतो.

मूल गप्प असेल तर प्रश्न वाढवू नका, अडचण वाढवा. पिशवीशिवाय जा आणि सफरचंदं हातातून पडू द्या. दुकानात नसलेली वस्तू मागा. सगळे प्वारो घेऊन टाका, म्हणजे पुढच्या गिऱ्हाइकाला दुकानदाराला सांगावंच लागेल, ‘या प्ल्यु!’, संपले. मग आपण शांतपणे पूर्ण वाक्य म्हणायचं: “आ, इल नियाँ ना प्ल्यु. मग मला कारॉत द्या.” नकार शिकायला याच्याइतकी चांगली वेळ मिळत नाही. पाच-सात मिनिटं खेळून बाहेर पडा. मोठं माणूस जास्त वेळ थांबलं की मुलं एकमेकांशी बोलायची थांबतात, सगळे त्याच्याशीच बोलतात.

जे मूल घरी मराठी बोलतं

परदेशातून आलेल्या मुलांसाठी फ्रेंचचे जे खास वर्ग असतात, ते पहिलीपासून पुढच्यांसाठी. बालशाळेतलं मूल थेट नेहमीच्या वर्गातच बसतं. म्हणजे त्याची भाषा येणार ती कोपऱ्यांतून, गाण्यांतून आणि मैदानातून.

अशा मुलाला आधी ॲप्रन द्या, पिशवी नव्हे. ऐकायला उलटं वाटतं, कारण ‘दुकानदार जास्त बोलतो’ असा आपला समज असतो. प्रत्यक्षात वस्तूचं नाव घ्यावं लागतं गिऱ्हाइकाला. दुकानदारानं ऐकून उचलून दिलं तरी चालतं. ‘बोंझुर’, ‘व्वाला’, ‘मेर्सी’ या तीन शब्दांत त्याचा दिवस निघतो. तो चुकीची वस्तू देतो तेव्हा गिऱ्हाईक स्वतःच ओरडतं, “नों! पॉम!” आणि बोट दाखवतं. शब्द शिकवायला दुसरी चार वर्षांची बाई मिळाली! दहा-पंधरा दिवसांनी तो आपणहून पिशवी उचलतो.

कित्येक आठवडे मूल एक अक्षर बोलत नाही, असंही होतं. ते ऐकत असतं. ‘हात वर कर’ सांगितलं तर करतं का, मागितलेली वस्तू देतं का, गाण्याच्या हातवाऱ्यांत सामील होतं का, हे बघा. हे होत असेल तर बोलण्याची घाई नको. घरी मराठीत बोलतानाही मूल अडखळत असेल, तर मात्र पालकांशी बोलून शाळेच्या डॉक्टरकडे पाठवा. म्हणून पहिल्याच भेटीत विचारायचा प्रश्न हा: “घरी, तुमच्या भाषेत, ते कसं बोलतं?”

सहा खळगे, एकच फेरी

चौथ्या आठवड्यात दुकानात गणित येतं, आणि ते पैशांच्या वाटेनं आणायची घाई करू नये. लहान गटात एका वस्तूला एक चकती, इतकंच. मधल्या गटात खोक्यावर फाशासारखे ठिपके लावून एक ते तीन किंमत.

खरं काम अंडी करतात. सहा खळग्यांचा खोका एका टेबलावर, अंडी दूर, दुकानात. कमीत कमी दहा-बारा, म्हणजे उचलून संपली असं होऊ नये. मुलाला सांगायचं: प्रत्येक खळग्यात एक अंडं बसलं पाहिजे, एकही उरता कामा नये, आणि फेरी एकच. ही रचना बोर्दोकडे काम केलेल्या गी ब्रुसो या गणितशिक्षणाच्या अभ्यासकांच्या ‘रंगाची भांडी आणि कुंचले’ (जेवढी भांडी तेवढेच कुंचले एका फेरीत आणायचे) या प्रसिद्ध मांडणीची बहीण आहे.

लहान गटात दोन-तीन खळगेच उघडे ठेवा, बाकीच्यांवर चिकटपट्टी. मधल्या गटात पाच-सहा. मोठ्या गटात मोठा खोका घेऊन दहापर्यंत, आणि काहींत आधीच अंडी ठेवलेली. तीन वर्षांचं मूल पिशवीभर अंडी घेऊन येतं आणि खोका भरल्यावर खूश होतं. उरलेल्यांकडे त्याचं लक्षच नसतं. “उरली की रे” म्हणून दाखवून द्या, पण मोजायला सांगू नका. ‘मोज’ म्हटलं की ते एक-दोन-तीन म्हणून दाखवतं आणि पुन्हा पिशवीभर आणतं, कारण मोजणं आणि आणणं यांचा संबंध त्याच्या डोक्यात अजून जुळलेला नसतो. तो जुळायला चुकलेल्या फेऱ्याच लागतात. पुढची पायरी: मुलानं स्वतः न जाता दुकानदाराला सांगून मागवायचं. तेव्हा बोटांवर चालत नाही, संख्येचा शब्द तोंडातून यावाच लागतो. त्यानंतर चिठ्ठी पाठवायची, त्यावर मूल अंडी काढेल, रेघा मारेल किंवा आकडा लिहील. तिन्ही चालतं.

बिघडतं कुठे

सगळ्यात मोठी चूक वेळापत्रकातली आहे. ‘काम आधी संपवेल तो दुकानात’ असा नियम झाला, की पटापट आवरणारी, आधीच छान बोलणारी तीच पाच-सहा मुलं रोज दुकानात, आणि ज्याला फ्रेंचची सर्वात जास्त गरज, ते मूल चिकटकामाच्या टेबलावर अडकलेलं. दुकान हेच एक काम म्हणून फळ्यावर लावा, आणि चार-चारचे गट पाळीपाळीनं पाठवा. पंचवीस मुलांच्या वर्गात रोज दोन गट गेले तरी आठवड्याभरात सगळ्यांचा नंबर लागतो. गट करताना एक बोलकं, एक ऐकणारं असं मिसळा. पण अतिबोलकं मूल गप्प मुलाच्या वाट्याचंही बोलून टाकतं, तेव्हा तसलं एकच ठेवा.

दुसरी चूक आवरण्याची. खेळ संपायच्या दोन मिनिटं आधी खंजिरी वाजवून सूचना, मग पाच मिनिटं आवरणं. शेवटच्या मिनिटाला ‘चला, चला’ झालं की मोठीच माणसं आवरतात आणि वर्गीकरणाचा सगळा धडा त्यांनाच मिळतो.

तिसरी: दुकान सप्टेंबरपासून जूनपर्यंत तेच. साधारण पाच-सहा आठवड्यांनी मुलं आत जातात आणि नुसती झोपतात किंवा मारामारी करतात. तो कोपरा संपल्याचा निरोप असतो.

फोटो, नोंदी आणि घर

पाचव्या आठवड्यात खेळताना काढलेले फोटो घेऊन मुलांसोबत बसा. समोर दुकान नाही, फक्त फोटो. आता ‘हे दे’ म्हणून बोट दाखवता येत नाही, घडलेलं शब्दांत सांगावं लागतं. शाळेला पुढे जी भाषा हवी असते ती हीच. चार फोटो पुरे. प्रत्येकाखाली मुलानं म्हटलेलं वाक्य, एक पायरी वर नेऊन लिहा: ते ‘म्वा पॉम’ म्हणालं असेल तर ‘मी सफरचंद विकत घेते’. दोन पायऱ्या नकोत, मूल ते वाक्य स्वतःचं म्हणून ओळखत नाही. लहान मुलांच्या बोलण्यावर काम केलेल्या फिलिप ब्वासो यांनी रुजवलेली ही ‘प्रतिध्वनी’ पुस्तिका घरी पाठवता येते.

पहिल्या आठवड्यातल्या वहीशी आताचे शब्द ताडून बघा आणि फरक ‘कार्ने द स्वीवी’त, म्हणजे प्रगतीच्या नोंदवहीत तारखेसह लिहा. ती वर्षातून किमान दोनदा पालकांना दाखवायची असते. ‘छान खेळतो’ असं लिहू नका. ‘ऑक्टोबर: बोटानं दाखवतो. डिसेंबर: तीनपर्यंत मागतो, ऊन-अँ बरोबर’ असं लिहा.

घरच्यांनी काय करावं? पुस्तिका मराठीत वाचावी. “इथे तू काय विकतोयस? गिऱ्हाईक कोण आहे?” घरी मोडकं फ्रेंच बोलायचा अट्टहास नको. मूल दुकान, भाव, पिशवी, सुटे हे सगळं मराठीत पक्कं ओळखत असेल तर फ्रेंचमध्ये त्याला फक्त नवे शब्द लागतात, नवं जग नाही. स्वयंपाकघरातली डब्यांची भातुकली, पाव किलो-अर्धा किलो, ‘काकू, कोथिंबीर फुकट द्या की’ हे सगळं चालेल. घासाघीस मात्र शाळेच्या दुकानात कुणालाच कळत नाही, तिथे किंमत म्हणजे किंमत. आणि अक्षरं गिरवून घ्यायची घाई करू नका. फ्रान्समध्ये जोडलेली लिपी मोठ्या गटापासून शिकवतात, अक्षर कुठून सुरू करून कुठे वळवायचं हे ठरलेलं असतं, आणि घरी लागलेलं उलटं वळण मोडायला शाळेत महिने जातात.

कोपरा ओसरला की फळं-भाज्या दोन खोक्यांत भरून मुलांच्या नजरेआड ठेवा. तेच टेबल, तोच बुटांचा खोका, तेच ॲप्रन घेऊन पावाचं दुकान मांडा: बागेत, क्र्वासाँ, ब्रिऑश, तार्त, चारच प्रकार, मिठाच्या कणकेचे. ‘झ वुद्रे’ आणि ‘ए आवेक ससी’ मुलांकडे तयार आहेत, नवी फक्त नावं. जानेवारीत फुलांचं किंवा मासळीचं. मार्चमध्ये भाज्यांचे खोके परत काढा आणि त्यात दोन नव्या वस्तू घाला, एक ऊन आणि एक अँ.